सव्वा किलोचं कडं

गोरक्ष थेटेनं टेबलावर फडकं उलगडलं, तेव्हा चिमाजी तिडके मास्तरांना वाटलं, आत एखादा जुना दागिना असणार. निघालं ते लोखंडी कडं. बशीएवढं रुंद, बोटभर जाड, घासूनपुसून लख्ख केलेलं. कड्याला तीन भोकं होती आणि सोबत तीन स्क्रू.

"काल माझ्या शेडमध्ये कुणीतरी शिरलं होतं," गोरक्ष म्हणाला. "नेलं काहीच नाही. हे लावून गेलं."

जयराम निरभवणेनं कडं हातात घेऊन तोललं. सव्वा किलो तरी असेल.

१९८२ सालची ही गोष्ट. दसरा होऊन आठवडा झाला होता. तेव्हा नाशिकच्या गंगापूर रोडला घरं कमी आणि पेरूच्या बागा जास्त होत्या. एका सायकल दुकानाच्या माडीवर जयरामनं 'खाजगी तपास' अशी पाटी लावली होती. त्याआधीची वीस वर्षं त्यानं अपघातात सापडलेल्या गाड्या तपासून विमा कंपन्यांना अहवाल लिहिण्यात घालवली होती. तिडके मास्तर त्याचे शेजारी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा दिवस या माडीवरच जाई.

गोरक्ष एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होता. त्याचं खरं वेड मात्र मोटरसायकल. पेठ रस्त्यालगत वाघदरा नावाचा चढ आहे. तिथं दरवर्षी पावसाळ्यानंतर डोंगरचढाची शर्यत भरायची. दगड, मुरूम, ओली माती, आणि पाय जमिनीला न टेकवता वर पोचायचं. शर्यत येत्या रविवारी होती.

त्यानं सांगितलं ते असं. परवा, रविवारी, त्यानं सराव केला, तेव्हा गाडी नेहमीसारखी होती. सोमवारी तो पहिल्या पाळीला गेला. आज मंगळवारी सकाळी गाडी सुरू केली तर आवाज बदललेला. एरवी मूठ सोडली की इंजिन झटकन बसायचं. आज ते सावकाश, घुमत घुमत बसलं. त्यानं डाव्या बाजूचं झाकण उघडलं. इंजिनाबरोबर फिरणारं जे जड चाक असतं, ज्याला मेकॅनिक फ्लायव्हील म्हणतात, त्यावर हे कडं घट्ट बसवलेलं होतं.

"भर वेगात हे सुटलं असतं तर माझा पायच गेला असता," गोरक्ष म्हणाला. "हे भिकनचं काम आहे. मालेगावचा भिकन देवरे. गेल्या वर्षी मी त्याला हरवलं. काल तो नाशकात होता, पंचवटीत लोकांनी पाहिलाय."

शेडचं कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोनच. एक गोरक्षकडे, दुसरी त्याच्या मेकॅनिककडे, सावळीरामकडे. तेव्हा सावळीरामनंच भिकनला किल्ली दिली असणार, असा गोरक्षचा हिशेब. इकडे येण्याआधीच तो सावळीरामच्या गॅरेजवर गेला होता. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला बेइमान म्हणून किल्ली काढून घेतली होती. भिकनला शर्यतीतून काढावं, असा अर्ज तो उद्या आयोजकांना देणार होता.

"अर्ज दोन दिवस थांबवा," जयराम म्हणाला. "कुलूप कधी घेतलं?"

कुलूप नवीन नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा साखळी आणि कुलूप गाडीबरोबरच आलं होतं. किल्ली एकच मिळाली, म्हणून सावळीरामसाठी दुसरी करून घेतली होती. गाडी मखमलाबादच्या सहादू शेलारची. तो काविळीनं गेला, मग त्याच्या घरून गोरक्षनं ती घेतली.

सहादूचं नाव ऐकताच मास्तर खुर्चीत पुढे सरकले. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साली ते शाळेच्या पोरांना घेऊन वाघदऱ्याला जायचे. लोक भाकरी बांधून यायचे, आयाबाया उतारावर सतरंज्या टाकून बसायच्या. सातपूरच्या कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर काम करणारा सहादू स्वतः जुळवलेल्या गाडीवर यायचा. त्याची बायको खाली पिशवी घेऊन उभी असायची. त्यानं हात मागे केला की न विचारता नेमका पाना त्याच्या हातात द्यायची. लोक शर्यतीइकंच तिच्याकडे बघायचे. अठ्ठ्याहत्तर साली वरच्या वळणावर मागच्या चाकानं झटका मारला आणि सहादू गाडीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर तो शर्यतीत दिसला नाही.

मास्तर आणखीही बोलले असते, पण जयराम उठला होता.

गोरक्षच्या घरामागे, पेरूच्या झाडांखाली, पत्र्याची शेड होती. जयराम आधी जमिनीवर उकिडवा बसला. शेणानं सारवलेली जमीन स्वच्छ होती, लोखंडाचा कीस कुठेच नव्हता. मग त्यानं फ्लायव्हीलवरची तीन भोकं पाहिली. त्यांत काळं वंगण भरलेलं होतं. काडेपेटीतल्या काडीनं त्यानं एक भोक साफ केलं आणि स्क्रू बोटांनीच फिरवला. तो सरळ आत गेला.

"ही भोकं कालची आहेत?"

"नाही, पहिल्यापासूनची," गोरक्ष म्हणाला. "वजन कमी करायला पाडली असतील, असं सावळीराम म्हणायचा."

जयरामनं कडं उजेडात धरलं. एका भोकाशेजारी बारीक ठिपका ठोकलेला होता, आणि तसाच ठिपका फ्लायव्हीलवरही होता. बाहेरून कडं चकाकत होतं, पण भोकांच्या आत जुना, तपकिरी गंज होता. आतल्या खाचेत काहीतरी राखाडी अडकलं होतं. त्यानं ते नखानं काढून बोटांत चोळलं, वास घेतला आणि रुमालाला पुसलं. गोरक्ष म्हणाला, धूळ असेल. जयरामनं रुमाल घडी करून खिशात ठेवला.

गोरक्षची आई गोजराबाई ओसरीत तांदूळ निवडत होती. सोमवारी कुणीच आलं नाही, असं तिनं ठामपणे सांगितलं. दुपारभर ती घरातच होती. फुलवाली फुलं देऊन गेली तेवढीच. ऊन फार होतं, म्हणून मागच्या आडावर पाणी पिऊन गेली.

"कुठली फुलवाली?"

"मखमलाबादची. लय दिसांपासून येती."

सावळीरामचं गॅरेज पंचवटीत होतं. तो काम सोडून बाकावर बसला होता. सकाळच्या शब्दांनी त्याला जेवण गेलं नव्हतं. तो म्हणाला, दोन वर्षं या गाडीचं वजन काढण्यात गेली, मडगार्ड कापले, सायलेन्सर कापला, आता मी स्वतःच सव्वा किलो लोखंड लावीन का? मग त्यानं कडं मागून घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि राग विसरला.

"हात पट्टीचा आहे. केसाएवढीही वाकडी चाल नाही. ज्यानं हे केलं त्याला घाई नव्हती."

"लावायला किती वेळ लागेल?"

"भोकं आणि त्यांतले स्क्रूचे आटे तयार असतील तर पंधरा मिनिटं. नसतील तर चाक काढून लेथवर न्यावं लागेल, दोन दिवस."

बाहेर पडल्यावर मास्तरांनी आपला अंदाज सांगितला. त्यांच्या मते सावळीराम गोड बोलत होता. किल्ली त्याच्याकडे, हत्यारं त्याच्याकडे, आणि कामाची तारीफही तोच करतो. जयरामनं एवढंच विचारलं, "मास्तर, वजन कमी करायला पाडलेल्या भोकाला आटे कशाला पाडतील?"

बुधवारी सकाळच्या एसटीनं दोघं मालेगावला गेले. भिकन देवरे मागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून तो त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन आला. सोमवारी नाशकात गेलो होतो, तो म्हणाला, मागाचा सुटा भाग आणायला. गोरक्षच्या घराकडे फिरकलोही नाही.

जयरामनं कडं पुढे ठेवलं. भिकननं ते बघितलं आणि हसला.

"हाई कडं त्याले पाडनार नही, साहेब. तारनार शे."

मग त्यानं समजावून सांगितलं. मागालाही असंच जड चाक असतं. चाक हलकं असेल तर माग झटके मारतो आणि सूत तुटतं. जड चाक एकदा फिरायला लागलं की झटका आपल्या पोटात घेतं, आणि सूत शाबूत राहतं. गाडीचंही तसंच. हलक्या चाकाची गाडी सपाटीवर झपकन पळते, पण ओल्या चढावर तिची ताकद एकदम येते, मागचं चाक माती सोडतं आणि गाडी फेकते. वजन वाढवलं की तीच ताकद सावकाश, सलग येते. वेग थोडा कमी, पण चाक मातीला धरून राहतं. त्याच्या स्वतःच्या गाडीला असं कडं त्यानं गेल्या वर्षी हरल्यावर बसवलं होतं.

"मला जिंकायचं असतं," तो म्हणाला, "तर मी त्याची गाडी होती तशीच राहू दिली असती."

परतीच्या एसटीत जयराम डोळे मिटून बसला होता. चांदवड गेल्यावर तो म्हणाला, "मास्तर, उद्या दुपारी सगळ्यांना गोरक्षच्या घरी बोलवा. आणि गोजराबाईंना सांगा, फुलवालीलाही थांबवून घ्या."

गुरुवारी शेडपुढे पाच-सहा जण जमले. सावळीराम गोरक्षकडे न बघता दूर उभा राहिला. भिकन मुद्दाम मालेगावहून आला होता. फुलांची रिकामी पाटी शेजारी ठेवून मालनबाई पायरीवर बसली होती. चाळिशी ओलांडलेली, सडसडीत बाई.

जयरामनं सरळ सुरुवात केली.

"लावणाऱ्याचा हेतू गाडी पाडण्याचा नव्हता. ते भिकननं सांगितलं, आणि ते सांगून त्याचा तोटाच झाला. आता भोकं. ती गोरक्षनं गाडी घेतली तेव्हापासून आहेत, आणि त्यांना आटे आहेत. आटे पाडतात ते काहीतरी बसवण्यासाठी. म्हणजे कडं बसवायचं हे गाडीच्या आधीच्या मालकानं ठरवलं होतं. सहादू लेथवरचा माणूस. वळणावर पडल्यावर त्यानं तो झटका घालवायचा उपाय शोधला, कडं केलं, ठिपक्याला ठिपका जुळवला. बसवायच्या आधीच तो गेला. भोकांतला गंज जुना आहे तो त्यामुळे."

"मग बसवलं कुणी?" गोरक्षनं विचारलं.

"कडं बाहेरून राखेनं घासलेलं आहे. खाचेत चुलीची राख होती. गॅरेजमधला माणूस रॉकेल आणि पॉलिश पेपर घेतो. राखेनं भांडी घासतात. आणि किल्ली. कुलुपाला मुळात दोन किल्ल्या असतात. तुम्हाला एकच मिळाली, तर दुसरी सहादूच्या घरात राहिली. सोमवारी त्या घरचं माणूस इथं आलं होतं. मागच्या आडावर पाणी पिऊन गेलं. फुलवाली मखमलाबादची, सहादूच्याच गावची, पण रोजची म्हणून तिला कुणी मोजलं नाही."

मास्तरांनी मालनबाईकडे पाहिलं. पाना हातात देणारी ती बाई त्यांना आता ओळखू आली. केस पिकले होते, इतकंच.

मालनबाईनं नाकारलं नाही.

"दोनदा सांगितलं व्हतं मी यांना," ती गोरक्षकडे बोट करून म्हणाली. "म्हनलं, मालकांनी या गाडीसाठी कडं करून ठेवलंय, लावून घ्या. हे हसले. म्हनले, मावशी, वजन वाढवून कुठं गाडी पळती का."

गोरक्षनं मान खाली घातली. त्याला ते आत्ता आठवलं.

तिचा झेंडूचा तुकडा वाघदऱ्याच्या पायथ्याशीच होता. दर रविवारी फुलं खुडताना गोरक्षच्या सरावाचा आवाज तिच्या कानावर यायचा. वरच्या वळणावर चाक माती सोडायचं, तो एक क्षण तिला खालून कळायचा. सहादू पडला त्या दिवशी तिनं तोच आवाज ऐकला होता. मालकांच्या हाताखाली बारा वर्षं काढली, बघून बघून हात बसला, ती म्हणाली. सांगून लावलं असतं तर गोरक्षनं काढून टाकलं असतं. तिला वाटलं, वर पोचल्यावर कळेल.

"न सांगता दुसऱ्याच्या गाडीला हात लावला, हे चुकलंच," जयराम म्हणाला.

"चुकलं," ती म्हणाली. "पन दर रविवारी ऐकवत नव्हतं."

मग गोरक्ष सावळीरामपाशी गेला. सगळ्यांसमोर शिवी दिली होती, माफीही सगळ्यांसमोरच मागतो, असं म्हणून त्यानं हात जोडले. गॅरेजची ती चार गिऱ्हाइकं इथं नाहीत, त्यांनाही भेटीन म्हणाला. सावळीरामनं कडं उचललं, स्क्रू तळहातावर फिरवून पाहिले आणि पहिल्यांदाच मालनबाईशी बोलला.

"बाई, यांना खाली स्प्रिंग वायसर पाहिजेत. नाहीतर धक्क्यानं ढिले होतील."

"मालक बी तेच म्हनायचे," ती म्हणाली. "मला गावले नाय."

सावळीरामनं खिशातून तीन वायसर काढले. तो घरूनच घेऊन आला होता. दोघं गाडीपाशी बसली.

रविवारी वाघदऱ्यावर आठ गाड्या होत्या. ओल्या वळणावर पहिल्या पाचांतले तिघे घसरले. भिकन सफाईनं वर गेला. गोरक्षचा नंबर आला तेव्हा मालनबाई गोजराबाईच्या शेजारी उभी होती. गाडी झाडीआड गेली, तशी तिनं डोळे मिटले. मास्तर वर बघत होते, पण झाडीशिवाय काही दिसत नव्हतं. इंजिनाचा आवाज वळणापाशी आला, जड झाला, पण तुटला नाही. खालच्या पट्टीत घुमत तो तसाच वर वर गेला.

"चढली," मालनबाई म्हणाली.

माथ्यावरची शिट्टी त्यानंतर वाजली.

भिकन पहिला आला, गोरक्ष दुसरा. निकालाची गर्दी तंबूकडे वळली, तेव्हा मालनबाईनं पदर खोचला आणि चढाकडे चालू लागली. कुठं निघाल्या, असं जयरामनं विचारलं.

"वर," ती म्हणाली. "मालक सांगायचे, वरून गंगापूर धरनाचं पानी दिसतं. मी आपली दरसाल खालीच उभी."

आणि वाटेतले सुटे दगड पायानं बाजूला सारत ती चढ चढू लागली.