गिअरबॉक्समधले आकाश

इसवी सन २०४८, फेब्रुवारी महिन्याची अकरा तारीख, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. स्थळ, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या करंजवणे गावचे वाहन परीक्षण केंद्र. त्या दिवशी, त्या वेळी, त्या जागी एक बेचाळीस वर्षांची व्हॅन चढावर उभी राहून गर्जना करीत होती, आणि जागची हलत नव्हती.

गाडीत अकरा वर्षांची शाल्मली केळुसकर श्वास रोखून बसली होती. समोरच्या तबकडीवर काटा मिनिटाला चार हजार फेरे दाखवत होता. खिडकीबाहेरचा चुन्याचा पट्टा मात्र होता तिथेच होता. इंजिनाचे एवढे बळ जाते तरी कुठे, हे तिला कळेना. स्टिअरिंगवर तिचे आजोबा होते, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक श्रीनिवास केळुसकर. त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी मागे घेतली. दोघेही खाली उतरले.

या गाडीला घरात सगळे म्हातारी म्हणत. ती उसाच्या इथेनॉलवर चाले, गिअर आपोआप बदले आणि पोटात एक घडीचे तारांगण वाहून नेई (फुगवून उभा करायचा घुमट, ज्याच्या आत ताऱ्यांचे चित्र उमटते). घाटावरच्या चाळीस शाळांना ते एकच तारांगण होते, आणि आजोबांच्या संस्थेकडे ही एकच गाडी. जुन्या गाडीला चढाच्या परीक्षेत तीन संधी मिळत. दोन गेल्या होत्या. तिसरीही गेली, तर नियमाप्रमाणे म्हातारी भंगारात जाणार होती. आणि उद्या सकाळी धनगरमाळच्या शाळेत एकतीस मुले वाट पाहणार होती.

"बारा वाजेपर्यंत वेळ देते, सर," परीक्षण अधिकारी वत्सला माने म्हणाल्या. "तोवर निदानक काय म्हणतो ते बघा."

निदानक हा केंद्राचा यंत्रमानव. वाहनांचे दुखणे ओळखणे हे त्याचे काम, आणि अकरा वर्षांच्या मुलीलाही 'तुम्ही' म्हणणे ही त्याची रीत.

"लक्षण स्पष्ट आहे," तो म्हणाला. "इंजिन फिरते, चाके फिरत नाहीत. गिअरबॉक्स घसरतो आहे. कारणे मुख्यतः दोन. एक, आतले तेल कमी. दोन, आतल्या चकत्या झिजलेल्या."

"तेल कमी असणे शक्य नाही," आजोबा म्हणाले आणि त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची वही पुढे केली. "रोज पहाटे सहाला मी स्वतः मोजतो. एक दिवस चुकलेला नाही."

निदानकाने पाने चाळली. "पातळीच्या रकान्यात रोज 'पूर्ण' आहे. इतकी नीटनेटकी नोंद मी आजवर पाहिली नाही. म्हणजे चकत्या झिजल्या. त्या आता कुठे बनत नाहीत."

"घाईने निष्कर्ष काढू नका, अहो."

"तुमच्याच पुराव्यावरून काढला आहे, सर."

एरवी वादात कोणाला हार न जाणाऱ्या आजोबांनी वही परत घेतली. शाल्मलीला ते आवडले नाही. तिने विचारले, "पण घसरते म्हणजे नेमके काय? रस्ता तर कोरडा आहे."

"पाहायचे आहे?" निदानकाने आपला हात गाडीच्या पोटाला टेकवला. "मी ध्वनिलहरींनी आतले चित्र काढतो. त्यात प्रवाह दिसतो. सर, इंजिन चालू ठेवा."

निदानकाच्या छातीवरचा पडदा उजळला, आणि शाल्मली पाहतच राहिली. काळोखात एक तांबूस भोवरा गरगरत होता. त्याच्या कडा बाहेर झेपावत, वळत, पुन्हा मध्याकडे येत. तारांगणाच्या घुमटात तिने शंभरदा पाहिलेली आकाशगंगा कोणी हातभर डब्यात कोंडून ठेवावी, तसे ते दिसत होते.

"हा टॉर्क कन्व्हर्टर," निदानक सांगू लागला, "म्हणजे इंजिनाचे बळ तेलातून पुढे पोचवणारे बंद पात्र. त्यात पात्यांची दोन चाके समोरासमोर आहेत. पहिले इंजिनाला जोडलेले, दुसरे गिअरबॉक्सला. ती एकमेकांना शिवत नाहीत."

"मग दुसरे फिरते कसे?"

आता आजोबांना राहवले नाही. "दोन टेबलफॅन समोरासमोर ठेव. एकच चालू कर. काय होईल?"

"त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतील."

"इथे वाऱ्याच्या जागी तेल आहे. पहिले चाक तेल भिरकावते, ते दुसऱ्याच्या पात्यांवर आदळते आणि त्याला फिरवते."

शाल्मलीने मागे वळून म्हातारीकडे पाहिले. दोन टनांची गाडी, घुमट, प्रक्षेपक, माणसे, हे सगळे ओझे इतकी वर्षे घाट चढत होते, आणि मध्ये होते फक्त फिरणारे तेल. तिच्या अंगावर काटा आला.

"आणि चकत्या?"

"त्या पुढे असतात," निदानक म्हणाला. "दोन्ही तळहात सैल जुळवा आणि एक फिरवा. दुसरा जागीच राहतो. आता घट्ट दाबून फिरवा."

तिने करून पाहिले. या वेळी दोन्ही हात बरोबर वळले.

"गिअरबॉक्समध्ये हे दाबण्याचे काम तेलच करते. तळाशी एक उथळ तबक आहे. पंप त्यातून तेल खेचतो आणि दाबाने चकत्यांकडे पाठवतो. तेल कमी पडले तर पंपाच्या तोंडात हवा शिरते. हवा दाबली की आक्रसते, तेल आक्रसत नाही. मग चकत्यांवरची पकड सुटते. चढावर तबकातले तेल मागे सरकते, पंपाचे तोंड आणखी उघडे पडते. गाडी तापली की तेल पातळ होते, दाब आणखी उतरतो."

"पण आमची गाडी तशीच तर घसरते," शाल्मली म्हणाली. "सकाळी सपाटीवर नीट चालते. तापल्यावर चढावर अडते."

"झिजलेल्या चकत्याही चढावरच आधी घसरतात. आणि तेल पूर्ण असल्याचे लेखी आहे," निदानक म्हणाला. "इंजिन बंद करायला हरकत नाही, सर."

आजोबांनी किल्ली फिरवली. भोवरा मंदावला, थांबला. शाल्मलीला उगीचच वाईट वाटले, म्हणून ती पडद्यापासून हलली नाही. आणि हलली नाही म्हणूनच पुढचे तिला दिसले. थांबलेल्या भोवऱ्यातून बारीक तांबूस धारा निघत होत्या. शांतपणे, घाई न करता, त्या खालच्या तबकाकडे चालल्या होत्या.

"हे तेल कुठे चालले आहे?"

"तबकात. इंजिन थांबले की वरचे तेल हळूहळू खाली उतरते. रात्रभर उतरत राहते."

"म्हणजे पहाटे तबकात जास्त तेल असेल, आणि इंजिन सुरू झाले की कमी?"

"अर्थात."

शाल्मली आजोबांकडे वळली. "आजोबा, तुम्ही पहाटे मोजता ते इंजिन सुरू करून की बंद असताना?"

"बंद असताना, अर्थात. माझ्या वडिलांनी तीस वर्षे ट्रक चालवला. इंजिन थंड असताना, किल्लीला हात लावण्याआधी तेल बघायचे, ही त्यांची शिस्त."

"ते इंजिनाचे तेल. हे गिअरबॉक्सचे आहे ना?"

शाल्मलीने वही घेतली आणि पहिले पान उघडले. तारीख दिवाळीच्या पाडव्याची होती. पातळीच्या रकान्यापुढे, शेऱ्याच्या जागी, आजोबांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते: 'तेल खुणेच्या बरेच वर आढळले. मागील चालकाची हयगय. जास्तीचे सव्वा लिटर काढून टाकले.'

मागील चालक म्हणजे उस्मानभाई. पाडव्याच्या आदल्या दिवशी ते निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले होते. त्यांच्याजवळ वही नव्हती. ते गाडी दोन किलोमीटर फिरवून आणत, इंजिन चालू ठेवत आणि मगच डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी खुणांची पट्टी) ओढत. आजोबा त्यांना हसत असत. चालत्या घोड्याचे नाल मोजणारा माणूस, असे म्हणत असत.

"गाडी कधीपासून घसरते, आजोबा?"

"दिवाळीनंतर," ते हळू आवाजात म्हणाले.

"मी फक्त पातळीचा रकाना वाचला," निदानक म्हणाला. "शेरा वाचला नाही. ही माझी चूक."

"तुमची नंतर. आधी माझी." आजोबा पुन्हा स्टिअरिंगशी बसले. त्यांनी इंजिन सुरू केले, ते पुरते तापू दिले, तेल सगळीकडे पोचावे म्हणून गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवरून फिरवून आणला आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक ओढली. तिचे फक्त टोक ओले होते. वहीतली प्रत्येक नोंद खरी होती, आणि एकीचाही उपयोग नव्हता.

"पण चकत्या तरी वाचल्या आहेत का?" वत्सलाबाई जवळ येऊन म्हणाल्या.

आजोबांनी डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर टेकवली. तेलाचा डाग पसरला. शाल्मलीने वाकून वास घेतला. चकत्या जळाल्या असत्या, तर तेल काळे पडून त्याला करपल्याचा वास आला असता, असे निदानकाने सांगितले. डाग लाल होता, कडेला जरासा तपकिरी. करपल्याचा वास नव्हता.

गाडीत नव्या तेलाचा सीलबंद डबा होता. आजोबा पाव पाव लिटर ओतत, दांडा फिरवत, मोजत. सव्वा लिटरला तेल बरोबर खुणेवर आले.

"उस्मानभाईंना आज फोन करावा लागेल," ते म्हणाले.

"रागावतील ते?"

"हसतील. ते जास्त वाईट."

बाराला दहा मिनिटे असताना म्हातारी चढाच्या तोंडाशी उभी राहिली. शाल्मली शेजारच्या आसनावर बसली. तिने तबकडीकडे पाहिले नाही. तिने डोळे मिटून पायाखालचा तो भोवरा आठवला. काळोखात कोणाला न दिसता फिरणारे ते तेल आता दोन टनांना हळूहळू वर ढकलत होते. इंजिनाचा आवाज वाढला, पण ती गर्जना नव्हती. त्यात ओढ होती. तिची पाठ आसनाला टेकली. चुन्याचा पहिला पट्टा मागे गेला, मग दुसरा, मग माथ्यावरचा पांढरा खांब.

माथ्यावर पोचल्यावर तिने खिडकीतून बाहेर डोके काढले. निदानक चढ चढून त्यांच्या मागोमाग आला होता.

"निदानक, अवकाशयानात वजनच नसते. तिथे तेल तबकात उतरणार नाही. मग ते मोजायचे कसे?"

"तिथे पातळी हा शब्दच लागू पडत नाही," निदानक म्हणाला. "हे मला आजवर कोणी विचारलेले नाही. तुम्ही शोधून काढलेत तर मला कळवा."

आजोबांनी वहीचे नवे पान काढले. तारीख घातली, आणि वेळेच्या जागी लिहिले: इंजिन चालू, गरम.

वत्सलाबाई धापा टाकत वर पोचल्या. त्यांनी चाके पाहिली, गाडीखाली वाकून तेलाचा थेंब पडला आहे का ते पाहिले, आणि कागदावर सही करून तो खिडकीतून आत दिला.

"गाडी पास," त्या म्हणाल्या. "तेल मोजायची वेळ बदला."