पाठ न सोडणारं हिरवं लुगडं

दोन हजार नऊ साली मंगळवार पेठेत शांतव्वाचं इरकली लुगड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आटलं, तसा मुलगा शशिधरनं इंटरनेटवर जाहिरातीचा घाट घातला. कुणी एकदा दुकानाचं पान उघडलं, की लुगडं मागंच लागायचं. बातम्या वाचा, रेल्वेची वेळ बघा, बाजूला लुगडं हजर. दिवाळीपर्यंत जम बसला नाही, तर जागा मोबाइलवाल्या सयाजीला द्यायची, असं मायलेकांत ठरलं होतं.

येईल त्या गिऱ्हाइकाला शांतव्वा विचारायची, "जाहिरात बघून आलीस व्हय?"

"बघितली की. पर मी येणारच हुते, आक्का."

"ऐकलंस?" ती मुलाला म्हणाली. "मांडवात बसलेल्या पावण्याला आवतण धाडतोयस. बंद कर ते."

त्यानं बंद केलं. विक्री तसूभर हलली नाही.

मग पन्हाळ्याहून प्रियदर्शनी आली. पेठेत पहिल्यांदाच.

"ते जाहिरातीतलं हिरवं लुगडं द्या. आठवडाभर पाठ सोडंना झालंय."

शांतव्वा चपापली. हिरवं लुगडं डोहाळजेवणाचं. बाईनं तोंडानं मागितल्याशिवाय ते बाहेर काढायचं नाही, दृष्ट लागते, ही दुकानाची रीत. जाहिरातीत तिनं हिरवा रंग घालूच दिला नव्हता.

"कितवा महिना, बाळ?"

"आज डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तवर मलाबी ठावं न्हवतं."

तशाच आणखी आल्या. कुरुंदवाडच्या, बेळगावकडच्या. शशिधरनं जाहिरातवाल्यांना फोन लावला.

"तुमचं खातं बंद आहे, साहेब. काहीच जात नाही."

पण तेवढ्यानं जम बसला नाही. दिवाळीच्या तोंडावर सयाजी चावी न्यायला आला आणि दारातच घुटमळला. मुलाची वाट बघत लग्नाची वर्षं मोजणं त्यानं कधीच सोडलं होतं.

"मावशी, जागा ऱ्हाऊ दे. मी दुसरीकडं बघतो. हिरवं लुगडं दावा. कालपास्नं मोबाइलवर तेच येतंय, आन् आज बायकोचा रिपोर्ट..." त्यानं खिशातनं मोबाइल काढला. "ती म्हणाली, लुगडं तितनंच आणा, आन् ते दुकान मोडू नगा."

शांतव्वानं डोळे पुसले, लुगडं उलगडायला घेतलं.

"बघू तरी," म्हणत शशिधरनं त्याचा मोबाइल घेतला. चित्र काल साठवलेलं होतं. हेच लुगडं, असंच अर्धं उलगडलेलं. काठावर म्हातारा हात. अंगठ्याला पट्टी.

त्यानं वर पाहिलं.

शांतव्वाचा अंगठा कात्रीनं कापला होता, तो आज सकाळी.