पंख्यातलं बूच

मावशींच्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीचं हे प्रकरण. मावशी खासगी तपास करत. टिपणं ठेवायला त्यांच्या बहिणीचा नवरा, भाऊजी, सोबत असत.

एका सकाळी एक सून लॅपटॉप काखेत धरून आली. ती घरी बसून पुस्तकांचं भाषांतर करी.

"तापतो आणि बंद पडतो. दुरुस्तीवाल्याला पंख्याच्या पात्यांत बुचाचा तुकडा सापडला. त्यानं काढला, तर आठवड्यात पुन्हा तेच! हे नणंदेचंच काम. नवऱ्याला सोडून आल्यापासून माझ्यावर खार खाऊन आहे. तुम्ही नुसतं हो म्हणा, आजच तिला घराबाहेर काढते."

मावशींनी लॅपटॉप उलटा केला. तळाचे स्क्रू तांदळाएवढे. एकाच्याही डोक्यावर ओरखडा नव्हता.

दोघं तिच्या घरी गेली. आजारी सासूबाई झोपल्या होत्या. पलंगाला लागूनच सुनेचं टेबल. भिंतीवर सात घड्याळं, सातही बंद.

"सासरे घड्याळजी ना?" भाऊजी कुजबुजले. "छान चाललंय!"

नणंद स्वयंपाकघरात बॅग भरत होती.

"मला काय कळतं त्या यंत्रातलं? परवा शिलाई मशीनचा स्क्रू काढताना त्याची खाचच घालवली मी. विचारा वहिनीला."

"खरंय," सून नाइलाजानं म्हणाली.

सासरे पलंगाजवळच्या खिडकीशी बसले होते. मावशींनी त्यांना एकच विचारलं, "यांना झोप लागते?"

"पूर्वी खुट्ट झालं की जागी व्हायची. आता लागते हो, दोन-दोन तास."

मावशींनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"बोला भाऊजी, कोणी केलं?"

"नणंदेनं. वैर तिचंच."

"तिच्या हातानं स्क्रूची खाच जाते. इथे ओरखडासुद्धा नाही. असा हात या घरात एकाचाच. बायकोच्या झोपेसाठी त्यानं स्वतःची सात घड्याळं थांबवली. मग आवाज उरला एकच, पंख्याचा."

सासऱ्यांनी मान खाली घातली.

"घड्याळ कधी तापून बंद पडलेलं पाहिलं नाही मी. दुसऱ्यांदा लहान तुकडा लावला. वाटलं, थोडं गरम होईल, एवढंच."

"मग नुसतं सांगायचंत ना, बाबा!" सून म्हणाली.

"तू टेबल उचलून दुसऱ्या खोलीत गेली असतीस. तू शेजारी असलीस की ती निवांत असते."

"आणि मी?" नणंदेनं विचारलं. "माझ्यावर आळ आला, तेव्हाही गप्पच बसलात?"



सून उठली. बॅगेतले कपडे काढून तिनं कपाटात लावले. नणंदेनं तिला थांबवलं नाही. मदतही केली नाही.

सासूबाई अठरा दिवसांनी, बुधवारी सकाळी वारल्या. तेव्हा सून आणि नणंद, दोघी जवळ होत्या.