खळ्यावरची बाळंतीण

राही त्या दिवशी साखरशेतला गेली ती सोन्याच्या कमरेसाठी. सोन्या ठाण्याला बिल्डिंगच्या परांचीवरून घसरला होता आणि आठ दिवस झाले तरी सरळ उभा राहत नव्हता. राही म्हणजे माझी मावसबहीण. तुम्ही ओळखता तिला, जामसरची चोळणारी. लचक, उसण, बाळंतीण, तान्हं पोर, सगळं तिच्या हाताखालून जातं. तिनं मला जसं सांगितलं तसं सांगतो. पदरचं काही घालत नाही.

गेल्या वर्षीची मार्गशीर्षातली वद्य एकादशी. म्हणजे चंद्र उगवायचा तो पार पहाटेला.

सोन्याच्या कमरेला दोन तास लागले. राही कमरेला हात लावायच्या आधी टाचा धरते. मग पोटऱ्या, मांड्या, आणि शेवटी कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे. "दुखतं कमरेत, पण अडकलेलं असतं पोटरीत," असं म्हणते. "माणूस सगळा चोळावा लागतो." सोन्याचं झालं तर त्याच्या आईचे गुडघे पुढं आले. ते झाले तर शेजारणीची मान. शेवटी राहीचीच बोटं मिटेनात.

सोन्याची बायको भारती म्हणाली, "बाय, जीप गेली आता. इथंच नीज."

"नको गं. सकाळी माणसं येतात घरी. निजले तर उठायची नाय मी."

तेलाची बाटली पिशवीत घातली आणि निघाली पायी. साडेसात वाजले होते.

रस्ता तिच्या पायाखालचा. भीती अशी नव्हतीच. नुसता थकवा. पन्नाशीची बाई, दिवसभर दुसऱ्याच्या अंगातला शीण काढायचा, तो जातो कुठं? नऊच्या सुमारास ती जामसरच्या सोम्याच्या शेतावर, त्याच्या खळ्यापाशी आली. भाताची झोडपणी होऊन गेली होती. कडेला एक झोपडी, पेंढ्यानं भरलेली. राही बांधावर टेकली.

झोपडीतून आवाज आला. बाईचा.

"चोळशील का गं बाय?"

राहीला वाटलं, मजुरीवर आलेलं कुणी बिऱ्हाड असेल. म्हणाली, "आज नाय. उद्या येते."

मग आतून हळूच...

"बाळंतीण आहे मी."

राही उठली. बाळंतिणीला नाही म्हणायचं तिला जमत नाही. जमलं होतं ते एकदाच. ते पुढं सांगतो.

आत मिट्ट काळोख. "दिवा नाय का?"

"नको. डोळ्यांना खुपतो."

"विस्तव? शेकायला लागेल."

"चूल नाय पेटवली."

"आणि पोर?"

"आजीजवळ."

राहीनं चाचपलं. पेंढ्यावर बाई पालथी पडली होती. अंग गार. मार्गशीर्षातली थंडी, त्यात बिनविस्तवाची, असायचंच. राहीनं हातावर तेल घेतलं, टाचा धरल्या आणि चोळायला लागली.

आता बघा, अंग कितीही गारठलेलं असो, दहा-बारा हात फिरले की ते ऊन होतं. तेल मुरायला लागतं. चोळणाऱ्याला ते तळव्यात कळतं.

राहीचे पन्नास हात झाले.

शंभर झाले.

अंग गारच.

"दमलीस किती गं," राही म्हणाली. बोलायचं म्हणून बोलली.

"विटा थापून..."

राहीचे हात वर सरकले. कंबर, पाठ, मग खांदे. डावा झाला. उजव्यावर अंगठा ठेवला आणि तो थांबला.

सांध्याजवळ हाडाचा उंचवटा. सुपारीएवढा.

हा खांदा तिनंच बसवला होता. पंधरा वर्षांमागं. जांभळीवरून पडलेली सात-आठ वर्षांची पोरगी, जामसरचीच. सांधा बसला, पण उंचवटा राहिला. असा खांदा मुलखात एकच. माघीचा.

माघी दिवाळीत बाळंत झाली होती. सहाव्या दिवशी सांजेला तिच्या सासूनं राहीला निरोप धाडला, उद्या पहाटे मुकादमाची गाडी येते, आज एकदा चोळून जा. राही त्या दिवशी चार घरं करून आलेली. म्हणाली, आज नाय होत, उद्या येते. पहाटे गाडी गेली. माघी गेली, ओल्या अंगानं, वीटभट्टीवर.

आणि ती पंधरवड्यामागं तिथंच मेली होती. तिला तिथंच जाळलीही होती.

उठावं, पळावं... पाय उचलेनात. हात मात्र चालूच.

"माघे..."

राहीनं उंचवट्याभोवती अंगठा फिरवला.

"त्या दिवशी मी दमले होते गं."

पेंढा जरा कुरकुरला.

"मी पण," ती म्हणाली.

बस. इतकंच.

राही रडली नाही. ओरडली नाही. तिनं हात थांबवला नाही. मान केली, दंड केले, बोटं एकेक ओढली. पुन्हा कमरेशी आली.

"ऊन आहे तुझा हात," माघी म्हणाली. "राहू दे तिथंच..."

राहीनं उजवा तळवा तिच्या कमरेवर ठेवला. ठेवून बसली. किती वेळ...

पहाटे सोम्या पेंढा न्यायला आला. राही बसलेली. डोळे उघडे. उजवा हात पुढं, पेंढ्यावर टेकलेला. पेंढा दबलेला तेवढ्याच जागी, तळव्याखाली. बाकी सगळा भुसभुशीत, कुणी निजल्याची खूण नाही.

चार दिवस ती तापानं पडून होती. उठली ती सरळ माघीच्या सासरी गेली. पोर आजीजवळ आहे, खरंच. दर आठवड्याला जाते, त्याला चोळते. डाव्या हातानं. आता सगळ्यांनाच डाव्या हातानं चोळते. उजवा दवाखान्यात दाखवला. बोटं हलतात, नाडी लागते. काही नाही म्हणाले.

यंदा वैशाखात मी तिच्याकडं गेलो होतो. भर दुपार, पत्रा तापलेला, माझा सदरा घामानं भिजलेला. म्हणाली, "देवराम, तू कुणाला सांगशील तर बघून सांग."

मोहाच्या बियांचं तेल. थंडीत ते तुपासारखं थिजतं, तुम्हाला ठाऊक आहे. तिनं डाव्या तळव्यावर ओतलं. पाण्यासारखं मनगटावरून ओघळलं.

मग उजव्यावर ओतलं.

ते ओघळलं नाही. माझ्यादेखत कडेनं पांढरं होत आलं... आणि मधोमध थिजलं.