विजापूरची तीन पत्रं

विजापूरला पोहोचल्यावर आधी तोफ बघायची की गोल घुमट, यावरून कॉन्रॅड आणि हिल्डाची ओट्यावर चांगलीच जुंपली होती. कॉन्रॅड अकरा वर्षांचा, त्याला मलिक-ए-मैदान तोफेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. त्याची बहीण हिल्डा दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे कागद-पेन्सिल तिच्या हातात होती. शेजारची यशोदा नकाशावर ओणवी होऊन सोलापूरला गाडी बदलायला किती वेळ मिळेल ते शोधत होती. एप्रिलची सुट्टी लागून तीनच दिवस झाले होते, आणि विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या या तिघांनी आजवर दादरच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं.

सहल प्लासिडकाकांनी ठरवली होती. हिल्डाच्या वडिलांचे ते मोठे भाऊ, शाळेत इतिहास शिकवायचे. विजापूरला त्यांचे मित्र नरहरी गलगली राहत. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दोघं दोन वर्षं एका खोलीत राहिले होते, आणि त्याला आता सव्वीस वर्षं झाली तरी महिन्याला एक पत्र जायचं, एक यायचं. उतरायचं गलगलींच्याच घरी. मुलांना काय काय बघायचंय याची यादीसुद्धा काकांनी मार्चमध्येच पत्रातून पाठवली होती.

त्या सकाळी काका ओट्यावर आले, नकाशाकडे बोट दाखवून म्हणाले, "तो गुंडाळून ठेवा. आपण जात नाही."

कोणी काही विचारण्याआधीच ते केळीच्या वाडीत निघून गेले. क्लेमेंटीनकाकीने मग मुलांना हळूच सांगितलं. काकांनी दोन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. गेल्या डिसेंबरात नरहरींच्या मुलीचं लग्न झालं. तेव्हा इथे नाताळची गडबड होती, काका गेले नाहीत. त्याचाच नरहरींना राग आला असेल, असं काकांनी मनाशी धरलं होतं. तार करा, असं काकीने दोनदा सुचवलं. पण ज्याला साधं पत्र लिहावंसं वाटत नाही त्याच्या दारात मी कशाला जाऊ, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

काका दुपारभर केळींच्या आळ्यांत पाणी सोडत होते. आळी कधीच भरली होती, तरी ते तिथेच उभे होते. ते पाहून हिल्डाला सहल रद्द झाल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी यशोदा एक वेगळीच गोष्ट बोलली. तिची डहाणूची आत्या परवा आली होती आणि आपल्या दोन पत्रांना उत्तर का नाही म्हणून आईवर रुसली होती. आईला तर एकही पत्र मिळालं नव्हतं.

"तुमच्याकडेही नाही आणि आमच्याकडेही नाही," हिल्डा म्हणाली. "मग विजापूरवाले रागावलेत हे कशावरून?"

दुसऱ्या दिवशी हिल्डा आईबरोबर विरारच्या बाजाराला गेली आणि तिथल्या पेटीत तिने सहा कार्डं टाकली. तीन चर्चजवळच्या घरांच्या पत्त्यावर, तीन त्यांच्या आळीतल्या घरांच्या. मजकूर कॉन्रॅडने सांगितला होता, त्यामुळे प्रत्येक कार्डावर फक्त 'सुट्टी मजेत घालवा' एवढंच होतं. मुलांना या खेळात गंमत वाटू लागली होती. रोज ती घरोघर चौकशी करत. आठवडा उलटला तेव्हा चर्चजवळची तिन्ही कार्डं पोहोचली होती. आळीतलं एकही नाही.

मग त्यांनी बाबू टपालवाल्यावर पाळत ठेवली. त्याची सायकल चर्चपर्यंत नीट आली, तिथून पिठाच्या गिरणीपाशी थांबली. बाबूने पत्रांचा एक जुडगा आत दिला आणि सायकल मागे वळवली. पुढचा रस्ता रेतीचा, आणि बाबूचे गुडघे सुजलेले. आळीतलं टपाल तो गेले महिना-दोन महिने गिरणीतच ठेवून जात होता. सगळं जग तिथे दळायला येतंच, हा त्याचा हिशेब.

गिरणी एडवर्डकाकांची. मुलांनी त्यांना विचारलं तर ते पट्ट्याच्या आवाजावर ओरडून म्हणाले की पत्रं आली की ज्याची त्याला देतो, तुम्ही इथे लुडबुडू नका. पण त्यांची नजर क्षणभर मागच्या पोत्यांकडे गेली, ती यशोदाने पाहिली.

दुसऱ्या दिवशी यशोदा तांदळाचा डबा घेऊन गिरणीत गेली, हिल्डा आणि कॉन्रॅड तिच्या मागोमाग. दळून झाल्यावर तिने पीठ चिमटीत घेतलं आणि जाडं आलंय म्हणून पुन्हा दळायला लावलं. दुसऱ्यांदाही तिचं समाधान झालं नाही. एडवर्डकाका वैतागून जात्याचा दगड तपासायला वाकले, तेवढ्यात कॉन्रॅड पोत्यांमागे शिरला. तिथे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्याने झाकण उघडलं तर आत पिठाने पांढरी झालेली पंचवीस-तीस पत्रं.

एडवर्डकाका वळले तेव्हा तो डबा छातीशी धरून उभा होता. ते ओरडणार होते, पण हिल्डाने वरचं पाकीट उचलून पीठ झटकलं आणि पत्ता मोठ्याने वाचला. त्यांनी खटका ओढून गिरणी बंद केली. गडी सोडून गेल्यापासून मी एकटाच आहे, आज देऊ उद्या देऊ करता करता राहून गेलं, असं ते पुटपुटले. मग स्टुलावर बसून त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला.

विजापूरची पत्रं तीन होती. मुलं धावतच घरी आली. काकांनी चष्मा लावला, पण तिसरं पत्र त्यांना वाचवेना. ते काकीने वाचलं.

पहिल्यात नरहरींनी लिहिलं होतं की लगेच या, गच्चीवरून घुमट दिसतो, तोफेवर चढू देत नाहीत हे कॉन्रॅडला आधीच सांगून ठेव. दुसऱ्यातलं अक्षर वाकडं होतं. पोटात गाठ आहे, डॉक्टर फारसं बोलत नाहीत, तू मुलांना घेऊन लवकर ये, एवढंच. तिसरं त्यांच्या पत्नीच्या, रखमाबाईंच्या हातचं होतं. "रोज दारात खुर्ची टाकून टपालवाल्याची वाट बघतात. तुम्ही रागावला असाल असं त्यांना वाटतं. लग्नाचं आमंत्रण उशिरा पाठवलं, आपलंच चुकलं, असं म्हणत राहतात."

त्यावर तारीख होती वीस एप्रिल. आज एक मे होता.

काका उठून कपाटातली पिशवी शोधू लागले. ती समोरच होती, तरी त्यांना दिसेना. त्यांना एकट्याने जाऊ द्यायला काकी तयार नव्हती. नरहरींनी मुलांना बोलावलंय, तीही बरोबर जातील, असं तिने दोन्ही घरांत जाऊन सांगितलं आणि कोणी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आणि तिन्ही मुलं विजापूरला उतरली. टांग्यातून घुमट दिसला, केवढा तरी मोठा, पण काका टांगेवाल्याला घाई करत राहिले.

नरहरी अजून होते. खाटेवर अगदी एवढेसे झालेले. काका त्यांच्या उशाशी बसले तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"पत्रं नाही मिळाली रे, नरहरी. एकही नाही मिळालं."

"म्हणजे रागावला नव्हतास?"

काकांनी 'नाही' म्हणून मान हलवली. दोघंही रडू लागले, तेव्हा रखमाबाईंनी मुलांना गच्चीवर नेलं.

काका आणि मुलं तीन दिवस त्या घरात राहिली. यशोदा आणि हिल्डा स्वयंपाकघरात हाताखाली काम करत. कॉन्रॅडला तोफ बघायची होती आणि तसं वाटल्याची त्याला लाजही वाटत होती. नरहरींनी ते ओळखलं. त्याला जवळ बोलावून त्यांनी तोफेची सगळी हकिकत दम खात खात सांगितली. तिच्या तोंडाशी हत्ती गिळणारा सिंह कोरलाय तो कसा, हे हाताने दाखवलं. चौथ्या दिवशी सकाळी, काकांचा हात हातात असताना, ते गेले.

निघताना रखमाबाईंनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. "शेवटचे तीन दिवस ते हसले," त्या म्हणाल्या. "ते तुमच्यामुळे."

गावी परतल्यानंतरच्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपली तेव्हा फादर हिलरींनी चर्चच्या पटांगणात सगळी हकिकत सांगितली. यशोदाचे आईवडीलही आले होते. मुलांनी डोकं चालवलं म्हणून एका माणसाच्या मनातलं शल्य गेलं, असं फादर म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एडवर्डकाका मागे मान खाली घालून उभे होते. आता आळीतलं टपाल ते स्वतः वाटत फिरत होते.

हिल्डाला त्या टाळ्या ऐकवेनात. घरी जाताना ती काकांबरोबर मागे राहिली.

"काका, ती कार्डं टाकण्यात आमचे आठ दिवस गेले. आम्हाला मजा वाटत होती. सरळ बाबूलाच विचारलं असतं तर…"

काका रस्त्यात थांबले.

"मी दीड महिना रुसून बसलो होतो, हिल्डा. एक तार केली नाही. तू तुझे आठ दिवस मोजू नकोस."

हिल्डाने त्यांचा हात धरला आणि दोघं रेतीतून हळूहळू घराकडे चालू लागली.