नळीचं तोंड

धाकटी लेक कौशल्या लग्न होऊन तेल्हाऱ्याला गेली, ते साल १९६१. अकोल्याच्या जुन्या शहरात, पंजाबराव मालकांच्या मोटारीच्या शेडला लागून असलेल्या खोलीत मग दोघंच उरली, ड्रायव्हर नत्थुजी आणि मैनाबाई. तिसरी मोटार. जुनी, जर्मन, डिझेलवर चालणारी.

तिच्या पंपाच्या पोटात चामड्याचा एक पडदा होता. इंजिन नळीतून हवा ओढी, पडदा मागे सरे आणि मोटार लगामात राही. पडदा वाळला किंवा नळी चिरली, की ती बेफाम सुटे. म्हणून दर बाजाराच्या दिवशी नत्थुजी पडद्याला तेलाचे थेंब पाजत. मग पंपाची दांडी दाबून धरत, नळीचं सुटं तोंड जिभेने बंद करत आणि दांडी सोडत. नळीने जीभ ओढून धरली, म्हणजे कुठे गळत नाही.

"मले नाई देला असा मुका कधी," मैनाबाई म्हणायच्या.

"तुई जीभ कधी जाग्यावर रायते काय?"

नत्थुजी हसायचे आणि हसता हसता खोकायचे. दमा होता. श्वास घेताना बारीक शीळ वाजे, मधेच अडे, मग पुढे जाई.

मार्गशीर्षातल्या थंडीत दमा उठला. डॉक्टर म्हणाले, अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर हाती लागणार नाहीत. मालक स्वतः गाडी चालवायला बसले. मागे मैनाबाईंनी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"आज बाजार हाये," नत्थुजी म्हणाले. "नळी पायली नाई."

"अगोदर तुमी श्वास घ्या. नळी मंग पाहू."

बोरगाव मंजूला शीळ थांबली. तेवढ्यात ती पुन्हा सुरू झाली. बारीक, मधेच अडणारी.

"चालू हाये, मालक. हाका."

मूर्तिजापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापसाने फुटलेली पऱ्हाटी. शीळ चालू होती, पण मांडीवरून येत नव्हती. पुढून येत होती. मैनाबाईंनी खाली पाहिलं नाही. बडनेऱ्यापर्यंत त्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या.

दवाखान्याच्या दारात मालकांनी इंजिन बंद केलं. डॉक्टरांनी मनगट धरलं, पापणी वर केली.

"बाई, यांना जाऊन बराच वेळ झाला."

"काहून असं बोलता? आत्ता बडनेऱ्याले श्वास घेऊन राहिले होते. मालकानंबी आयकला."

पंजाबराव बॉनेटकडे पाहत होते.

आत शीळ वाजत होती.

"उघडा," मैनाबाई म्हणाल्या.

मालकांनी बॉनेट उघडलं. मैनाबाईंनी नळी काढली. दांडीला कोणाचा हात नव्हता. सुट्या तोंडावर त्यांनी जीभ ठेवली.

नळीने ती ओढली. अलगद.

अडली.

पुन्हा ओढली.

"गळत नाई," मालकांकडे न बघता त्या म्हणाल्या. "चांगली हाये."

पुढे मोटारीला नवा ड्रायव्हर आला. बाजाराच्या दिवशी नळी मात्र मैनाबाईच पाहत. त्यांना उशीर झाला, की बंद शेडमधून खोकला ऐकू येई.

नत्थुजी वारले ते १९६१ च्या मार्गशीर्षात, बोरगाव मंजूजवळ.