अर्धी ओळ

“माझ्या स्वेटरला परक्या माणसाचा हात लागलाय,” वहिनींकडे आलेला अशील म्हणाला.

“धुऊन नाही का निघणार?” भाऊजींनी विचारलं.

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. वहिनी खासगी गुप्तहेर होत्या. भाऊजी त्यांचे दीर आणि मदतनीस. त्यांची मदत झाली नाही की काम लवकर उरकायचं.

अशील लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्यासाठी विमानाने गावोगाव फिरायचा. त्याने पिशवीतून अर्धवट विणलेला राखाडी स्वेटर काढला. सुया त्यातच होत्या.

“बायको विणत होती. ओळीच्या मध्येच थांबली. दवाखान्यातून आले की पुरी करते, म्हणाली. आली नाही. तेव्हापासून हा सोबत असतो. अर्धे टाके या सुईवर, अर्धे त्या सुईवर. परवा इथल्या विमानतळावर तपासणी झाली. हॉटेलात जाऊन बघतो तर ओळ पुरी. सगळे टाके एकाच सुईवर. आता तिचा शेवटचा टाका कुठला, ते मला कळत नाही.”

“तुमच्यादेखत बॅग उघडली नाही?”

“माझ्या गुडघ्यात स्टीलची पट्टी आहे. यंत्र बोंबलतं. मग मला पडद्याआड नेऊन पॅंट वर करायला लावतात. तिकडे माझी अब्रू झाकतात, इकडे बॅग उघडी.”

खिशात त्याची तक्रार तयार होती. तिच्यात ज्याचं नाव पडेल त्याची नोकरी जाणार होती. आज दुपारी त्याचं पुन्हा विमान होतं, त्याआधी नाव हवं होतं.

पाहुण्यांचे पास काढून तिघे तपासणीतून आत गेले. भाऊजींचा पट्टा यंत्रातून जो गेला तो दुसऱ्याच कोणाच्या ट्रेबरोबर पुढे गेला. पुढच्या चौकशीत त्यांनी दोन्ही हातांनी पॅंट धरून भाग घेतला.

बॅगा उघडणाऱ्या ताईंना विणण्याबद्दल विचारताच हसू आलं. “मला शर्टाचं बटण लावता येत नाही हो. पिन लावून येते आणि रोज हेच यंत्र मला अडवतं.”

“मग सुयांचं काय केलंत?”

“टोकदार वस्तू एकमेकींत अडकल्या असतील तर एक मोकळी करून, वेगळ्या ट्रेमध्ये घालून पुन्हा यंत्रातून काढायची, असा नियम आहे. सुई ओढायला गेले तर टाके निसटायला लागले. मग सगळं तसंच आतल्या खोलीत ठेवलं न्‌ रांगेकडे पळाले. थोड्या वेळाने बघते तर स्वेटर परत टेबलावर.”

“आतल्या खोलीत कॅमेरा?”

“होता. पण तिथे बायकांची झडती होते. लोकांनी ओरड केली, मग काढला. बरंच झालं म्हणा. आता आम्ही चहा तिथेच पितो.”

यंत्राच्या पडद्यासमोर बसलेल्या तरुणाने मान वळवली नाही. “मी माणसं बघत नाही, फक्त बॅगा बघतो. घरी गेलो तरी शेजाऱ्याला त्याच्या पिशवीवरून ओळखतो.”

“त्या सुया आठवतात?”

“हो ना. आधी दोन होत्या, लोकरीत अडकलेल्या. मग त्यातली एकच आली, एकटी, उघडी. छान दिसत होती.”

“तुम्ही मध्ये उठला होतात?”

“मी उठलो की रांग थांबते. थांबली होती का, यांनाच विचारा.”

“नाही थांबली,” अशील म्हणाला. “मी पडद्याआडून ट्रे आपटल्याचे आवाज ऐकत होतो.”

आतल्या खोलीत शिफ्टचे प्रमुख एकटेच बसले होते. एसी इतका थंड होता की थर्मासनेही स्वेटर घातला होता, तपकिरी, गळ्याशी नीट बसलेला.

“वा,” भाऊजी म्हणाले. “घरच्यांनी विणला वाटतं?”

“घरी कोणी नाही.” साहेबांनी चहा ओतला. पाहुण्यांनाही द्यायला हवा, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. त्यांनी खण उघडून पाहिला. कप एकच होता. “त्या स्वेटरबद्दल मला काही माहीत नाही. इथून इतके लोक जातात. विणला असेल कोणी जाता जाता.”

वहिनींनी दार लोटून घेतलं.

“ज्याला नुसती खोडी काढायची असते, तो टाके सोडून मोकळा होतो,” त्या म्हणाल्या. “इथे एकही टाका सुटलेला नाही. ओळीच्या मध्ये कुठलीही सुई ओढली तरी टाके निसटतात. ओळ संपली की एक सुई आपोआप मोकळी होते. तीच सुई एकटी यंत्रातून गेली. म्हणजे कोणीतरी नियम पाळला आणि स्वेटरही सांभाळला. ताईंना ते जमलं असतं तर स्वेटर आत आलाच नसता. यंत्रासमोरचा उठला नाही, कारण रांग थांबली नाही. राहिले साहेब.”

“पण साहेबांना विणता येतं कशावरून?” भाऊजींनी विचारलं.

“भाऊजी, थर्मासच्या मापाचा स्वेटर दुकानात मिळत नाही. तो घरीच विणावा लागतो. आणि यांच्या घरी दुसरं कोणी नाही.”

भाऊजींना कपाळावर हात मारून घ्यायचा होता, पण हात मोकळे नव्हते.

साहेबांनी कप खाली ठेवला.

“सुया काढून घेतल्या असत्या तर सगळं उसवलं असतं,” ते म्हणाले. “यांना थांबवलं असतं तर विमान गेलं असतं. मला वाटलं, मी दोन्ही वाचवलं. यांना विचारायचं तेवढं राहिलं.”

“का राहिलं?” अशिलाने विचारलं.

“हा युनिफॉर्म घालून कोणाला कसं म्हणू, की द्या इकडे, मी विणतो?”

अशिलाने स्वेटर त्यांच्यापुढे सरकवला. “तिचं कुठे संपतं, सांगता येईल?”

साहेबांनी कडेवरून बोट फिरवलं. अर्ध्यावर ते थांबलं. “इथे. त्यांचा हात सैल आहे. माझा घट्ट.”

“मग तुमचं तेवढं काढा. तक्रार देत नाही.”

साहेबांनी मोकळी सुई घेतली. एकेक टाका उसवून ते मागे येऊ लागले. बाहेर अशिलाच्या विमानाची सूचना झाली. थोड्या वेळाने पुन्हा झाली. कोणी उठलं नाही.

मग साहेबांचे हात थांबले.

“हा त्यांचा शेवटचा. पण चुकलाय. दोन टाके एकदम घेतलेत.” त्यांनी वर पाहिलं. “सरळ करून देऊ?”

अशील वाकला. त्याने तो टाका बोटाने चाचपून पाहिला.

“नको,” तो म्हणाला. “तिची चूक काढलेली तिला खपत नाही.”